स्वतःला बदलायला निघालात? या चुका टाळा

कामावर नव्याने आलेल्यांना तयार करायची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कामाचं बोलून झालं की गाडी हमखास स्वतःवर येते. ‘मला विचार करण्याची पद्धतच बदलायचीय’, ‘मला आनंदी राहायला शिकायचंय.’ इच्छा खरी असते, कष्टांची तयारीही असते. तरी तीच माणसं त्याच त्या चुकांपाशी अडतात आणि हातचं सोडून देतात. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून लिहितेय.

एक खाडा पडला की सगळंच सोडणं

सर्वांत जास्त माणसं इथेच गळतात.

एका मुलीने वहीत पट्टीने रकाने आखले होते: पहाटे उठणं, व्यायाम, ध्यान, वाचन, रोजनिशी, मोबाईल दूर ठेवणं आणि असंच आणखी काहीबाही. प्रत्येक रकान्याला वेगळ्या रंगाचं पेन. दुसऱ्या आठवड्यात तिला ताप आला आणि चौकोन रिकामे राहिले. ते पान तिला बघवेना. तिने ती वही टाकली, नवी आणली आणि सगळे रकाने पुन्हा आखले. माझ्यासमोर उघडली ती तिसरी वही होती आणि तिच्यातही रिकामे चौकोन आलेच होते. ‘माझ्यात चिकाटीच नाही,’ ती म्हणाली. तीन-तीन वेळा नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलीत चिकाटी नाही, हे मला मान्य नाही. तिचा हिशेब चुकला होता. २१ दिवस सलग केलं की सवय लागते आणि मध्ये एक दिवस जरी गेला तरी मोजणी शून्यावर येते, असं ती धरून चालली होती.

या २१ दिवसांचं मूळ बहुधा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण होतं. पुढे लोकांनी ‘किमान’ गाळलं आणि उरलेलं सगळ्या सवयींना लावलं. सवयींचा प्रत्यक्ष अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केला. ९६ जणांनी १२ आठवडे एकेक नवी सवय लावून पाहिली. २००९मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४पर्यंत गेला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही.

मी तिला एकच रकाना ठेवायला सांगितला, आणि वही बदलायची नाही अशी अट घातली. खाडा पडला तर त्या चौकोनात कारण लिहायचं: ताप, पाहुणे, कंटाळा, जे असेल ते. तिने संध्याकाळी लॅपटॉप बंद केल्यावर दहा मिनिटं चालणं निवडलं. काही आठवड्यांनी आम्ही ती कारणं ओळीने वाचली, तेव्हा दिसलं की मीटिंग लांबलेल्या दिवशीच चालणं राहतंय. तिने ते दुपारवर नेलं. पहिल्या दोन वह्यांनीही तिला हेच सांगितलं असतं, पण त्या तर टाकून दिलेल्या.

आरंभशूरांना एकच रकाना कमी वाटतो. वाटू दे. तो जम धरेपर्यंत मी दुसरा आखू देत नाही.

मनाला न पटणारी वाक्यं घोकणं

‘मी यशस्वी आहे’, ‘मी सर्वांना आवडते’ असं रोज आरशासमोर म्हणायचं, की मन आपोआप बदलतं, असं सर्रास सांगितलं जातं. हा झटपट मार्ग मला अजिबात आवडत नाही, कारण ज्याला आधाराची खरी गरज असते त्यालाच तो खाली ढकलतो. मानसशास्त्रज्ञ जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये हेच तपासलं. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य घोकल्यावर स्वतःविषयी मुळातच कमी आदर असलेल्यांना आणखी वाईट वाटलं. ते साहजिक आहे. तोंडाने एक म्हणावं आणि मनाने लगेच दहा पुरावे उलटे काढावेत, असं होतं.

माझी सवय अशी, की वाक्य कागदावर लिहायचं आणि मनाला पटेपर्यंत खाली उतरवत न्यायचं. ‘मी उत्तम बोलते’ हे पटत नसेल, तर ‘मला चारचौघांत अजून नीट बोलता येत नाही, उद्याच्या बैठकीत एक प्रश्न विचारेन’ इथपर्यंत. वाक्याला दुसऱ्या दिवशीचं काम जोडलेलं नसेल तर मी ते वाक्य धरतच नाही.

नको तो विचार दाबून टाकणं हीसुद्धा याच घरातली चूक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७मध्ये एका प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल पुन्हा पुन्हा मनात येतच राहिलं. काळजी मनात आली की दोन ओळींत लिहून काढा आणि हातातल्या कामाकडे वळा.

कृतज्ञतेची यादी रोज उरकायची म्हणून उरकू नका. आठवड्यातून एकदा, पण नाव आणि प्रसंग घालून लिहा. दुसऱ्याच्या फोटोंशी आपल्या दिवसाची तुलना होत असेल, तर निदान सकाळचा पहिला तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बदलाची घोषणा सगळ्यांपुढे करण्याची घाई नको.

आजारपणाला विचारांचा दोष समजणं

याबाबत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळपास रोज मन खचलेलं असेल, कशात रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ‘दृष्टिकोन बदल’ हा सल्ला चुकीचा आहे. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांची वेळ घ्या. जवळचं कुणी अशा अवस्थेत असेल तर वेळ तुम्ही ठरवा आणि सोबत जा, कारण त्या दिवसांत फोन उचलून नंबर लावणंसुद्धा त्या माणसाला जड जातं. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर त्याच दिवशी मदत मिळवा आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.