गंजलेले सुटे भाग घासण्याऐवजी सोड्यात बुडवा

खाडीकाठच्या ठाण्या-वाशीच्या दमट हवेत जुन्या स्पोर्ट्स कारची बिजागरं, सीटच्या रेल, ब्रॅकेट गंजतात. ग्राइंडर मारला की गंजाबरोबर चांगलं लोखंडही जातं. त्यापेक्षा भाग सोड्याच्या पाण्यात बुडवून त्यातून वीज सोडा, म्हणजे फक्त गंज सुटतो.

१. प्लास्टिकच्या टबात १० लिटर पाण्यात ३ मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा.

२. १२ व्होल्टच्या चार्जरचा काळा चिमटा भागाच्या घासून चकचकीत केलेल्या जागी लावा, लाल चिमटा साध्या लोखंडी पट्टीला. उलट लावलात तर भागच झिजेल. भाग आणि पट्टी दोन्ही पाण्यात बुडवा, पण एकमेकांना टेकू देऊ नका. चार्जर साधा ट्रान्सफॉर्मरवाला हवा; ऑटोमॅटिक बहुधा बॅटरी जोडल्याशिवाय सुरूच होत नाही.

३. चार्जर चालू करून रात्रभर ठेवा. बुडबुडे मंदावले तर पट्टीवरचा गंज खरवडा, करंट तिथेच अडतो.

४. चार्जर बंद करून भाग काढा, काळा थर ब्रशने धुवा, हेअर ड्रायरने सुकवा आणि लगेच प्राइमर मारा. पावसाळ्यात हे उद्यावर ढकललं तर पिवळी झाक परत येतेच.

सावधान: पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून टब उघड्या गॅलरीत ठेवा. ॲल्युमिनियमचा कार्ब्युरेटर यात कधीच घालू नका.