उन्हाळी टोमॅटो : जाळी लावली म्हणून व्हायरस थांबत नाही

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत नारायणगाव, संगमनेर, अकोले पट्ट्यात उन्हाळी टोमॅटोच्या लागवडी सुरू होतात. ऊन तापू लागले की पांढरी माशी आणि फुलकिडे वाढतात, त्यांच्यामागून व्हायरस येतो. व्हायरस मारणारे औषध कोणत्याच दुकानात मिळत नाही, मग लेबलवर काहीही छापलेले असो. लागवडीनंतरचा पहिला दीड महिना झाड निरोगी ठेवले तर माल निघतो. त्याआधी झाड बोकडले, म्हणजे पाने आकसून वाढ खुंटली, तर ते पुढे खते आणि पाणीच खाते.

शेडनेट किंवा पॉलिहाऊस असलेल्यांची पहिली चूक जाळी घेतानाच होते. दुकानात ‘पन्नासची जाळी’ मागितली की बरेचदा पन्नास टक्के शेडनेट हातात पडते. ते सावलीचे माप आहे, त्याच्या भोकांतून पांढरी माशी आरामात शिरते. माशी अडवायला 50 मेशची इन्सेक्ट नेट लागते, म्हणजे एका इंचात पन्नास भोके. फुलकिडे त्यातूनही थोडेफार येतातच. बारीक जाळीने हवा कोंडते, म्हणून बाजूच्या खिडक्या मोठ्या ठेवा आणि वर सावलीची नेट वापरा. जाळीची खालची कड मातीत गाडा. उंदराने कुरतडलेले भोक दिसले की त्याच दिवशी शिवा. दारे दोन हवीत, आणि दोन्ही एकाच वेळी उघडी नकोत. पिवळा सदरा घालून आत जाऊ नका. माशी त्या रंगावर येते आणि तुमच्यासोबत आत शिरते.

रोप नर्सरीतूनच रोगट आले तर पुढची सगळी जाळी फुकट. नर्सरी 50 मेशच्या जाळीत आहे का, ते स्वतः जाऊन पाहा. ट्रे उचलून पाने उलटी करा. खाली पांढरी माशी उडाली किंवा पिल्ले चिकटलेली दिसली तर ती रोपे घेऊ नका, स्वस्त मिळाली तरी. अर्का रक्षक, अर्का सम्राट यांसारख्या जाती पांढऱ्या माशीमुळे येणाऱ्या लीफ कर्ल (पाने वळण्याच्या) व्हायरसला प्रतिकारक आहेत, पण त्यामुळे फुलकिड्यांचा किंवा माव्याचा व्हायरस अडत नाही.

कोणता व्हायरस कशाने येतो, हे कळले की पैसे वाचतात. पाने वर वळून बारीक झाली, झुडूप गुच्छासारखे दिसले, तर पांढरी माशी. शेंडा तपकिरी पडून करपला, फळावर गोल चकत्या आल्या, तर फुलकिडे. हा व्हायरस फुलकिड्याचे पिल्लू घेते आणि मोठा कीडा पसरवतो. बरेचसे फुलकिडे मातीत कोषात जातात, म्हणून सिल्व्हर मल्चिंगचा, म्हणजे वाफ्यावर चंदेरी प्लास्टिक अंथरण्याचा, उपयोग होतो. पाने दोरीसारखी निमुळती झाली, तर बहुधा माव्याने आणलेला काकडी मोझॅक व्हायरस. मावा काही सेकंदांतच तो झाडात सोडतो, त्यामुळे फवारणीने तो फारसा थांबत नाही. 2020 मध्ये ‘तिरंगा’ म्हणून गाजलेल्या, नीट न रंगलेल्या फळांत हाच मुख्यतः सापडला होता. मात्र फळ नीट रंगत नाही म्हणजे व्हायरसच असे नाही. पारा सतत 32 अंशांच्या वर राहिला किंवा पालाश (पोटॅश) कमी पडले, तरी फळाचे देठाजवळचे खांदे पिवळे राहतात.

चौथा वाहक आपले हात. तंबाखू मोझॅकचा विषाणू तंबाखूत आणि विडीच्या थोटकातही टिकतो. तंबाखू मळून झाडाची बगलफूट काढायला बसायचे, हे बंदच करा. साबणाने हात धुवा, कात्री अधूनमधून निर्जंतुक करा, आणि रोगट ओळ नेहमी शेवटी घ्या. परागीभवनासाठी झाडाला हात न लावता सकाळी नऊ-दहाच्या सुमारास झाडे बांधलेली तार हलवा.

पिवळे चिकट सापळे माशीला, निळे फुलकिड्यांना. शेंड्याच्या उंचीवर टांगा, झाड वाढेल तसे वर घ्या. सापळ्यावर माशी दिसताच निंबोळी अर्क, मग गरज पडली तर स्पायरोमेसिफेन किंवा सायअँट्रानिलीप्रोल हे कीटकनाशक लेबलवरील मात्रेने. एकच औषध पाठोपाठ मारू नका. दीड महिन्याच्या आतले रोगट झाड पहाटे, माशी सुस्त असताना, आधी पिशवीत झाका आणि मग उपटा. उघडे ओढत नेले तर सगळी माशी शेजारच्या ओळीवर बसते. बांधावर टाकू नका, पुरून टाका. बांधावरचे धोत्रे आणि कामोणीही काढा.

हंगाम संपल्यावर आधी माशी मारा, नंतर झाडे उपटा. उलट केले तर ती शेजारच्या प्लॉटवर जाते. मग शेडनेट किंवा पॉलिहाऊस निदान तीन आठवडे रिकामे, तणमुक्त आणि बंद ठेवा.