कमी विजेचा संगणक: प्रोसेसर आणि मदरबोर्डचे वॉट कसे मोजावेत

टीडीपी (प्रोसेसरच्या खोक्यावर लिहिलेले उष्णतेचे वॉट) पाहून तुलना करायची सवय आधी सोडा. तो आकडा कूलर निवडण्यासाठी असतो, वीज मोजण्यासाठी नाही. ३५ वॉटचा म्हणून विकला जाणारा इंटेलचा कोअर आय५-१२४००टी टर्बोत, म्हणजे वेग वाढवतो तेव्हा, ७४ वॉटपर्यंत जातो. आणि मशीन नुसते चालू असताना तो ६५ वॉटच्या साध्या १२४०० पेक्षा जवळजवळ काहीच वाचवत नाही. दिवसरात्र चालणाऱ्या मशीनमध्ये १ वॉट म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिट, त्यामुळे रिकाम्या वेळेचा आकडाच महत्त्वाचा.

१. मोजमाप प्लगपाशी, वॉटमीटरनेच करा. सॉफ्टवेअर फक्त प्रोसेसरचे सांगते. चिपसेट, नेटवर्क चिप आणि पॉवर सप्लायमधली गळती त्यात येत नाही. मॉनिटर वेगळ्या प्लगवर.

२. ज्यांची तुलना करायची त्या दोन्ही बोर्डांना तोच पॉवर सप्लाय, तीच रॅम, तीच एसएसडी लावा. पॉवर सप्लायवरच्या ‘गोल्ड’ या कार्यक्षमतेच्या स्टिकरवर विसंबू नका. त्यामागची चाचणी २० टक्के लोडपासून सुरू होते, म्हणजे ५०० वॉटच्या सप्लायसाठी १०० वॉटवर. आपले मशीन रिकामे असताना २० वॉटच्या आसपास असते.

३. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सी-स्टेट (प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या; आकडा जितका मोठा, तितकी झोप खोल) आणि एएसपीएम (रिकाम्या वेळी कार्डांच्या जोडणीची वीज वाचवणारी सोय) सुरू करा. डेस्कटॉप बोर्डांवर ते बरेचदा बंदच असतात.

४. आता रिकाम्या मशीनचे वॉट. बहुतेक तुलना इथेच फसतात, माझीही फसली होती. एकच प्रोसेसर दोन बोर्डांवर लावून पाहिला, तर एका बोर्डावर ९ वॉट जास्त. बोर्डच वाईट ठरवला आणि एका मित्रालाही तो घेऊ नको म्हणून सांगितले. पुढे कळले की त्या बोर्डात ड्राइव्ह जोडायचे एक जुने साटा कार्ड राहिले होते. त्याला एएसपीएम जमत नव्हते, म्हणून प्रोसेसर सी३ पेक्षा खोल झोपतच नव्हता. कार्ड काढल्यावर फरक २ वॉटांपेक्षाही कमी उरला.

म्हणून वॉट लिहिण्याआधी झोप तपासा. लिनक्सवर पॉवरटॉप (वीजवापर दाखवणारा प्रोग्राम) उघडा आणि इंटेलच्या मशीनवर ‘पॅकेज’चा रकाना बघा. बराचसा वेळ सी८ किंवा त्याहून खोल झोपेत जात असेल तरच आकडा धरा. सी२-सी३ वर अडकला असेल तर एकेक कार्ड आणि ड्राइव्ह काढत दोषी शोधा. सुरू केल्यावर निदान दहा मिनिटे थांबा, कारण तोवर अपडेट चालू असतात. तीनदा मोजा. पहिल्याच मिनिटाचा आकडा सांगून लोकांना खर्चात पाडणे मला अजिबात पटत नाही.

एएमडी घेत असाल तर रायझन ५ ५६००जी सारखा एकाच चकतीचा (सिलिकॉनच्या एकाच तुकड्याचा) प्रोसेसर बघा. ५६०० मध्ये आय-ओची (मेमरी आणि पोर्ट सांभाळणारी) चकती वेगळी असते, ती रिकाम्या वेळीही वीज खाते.

५. लोडखाली वॉट नव्हे, वॉट-तास मोजा: तेच काम दोन्हीकडे द्या आणि संपेपर्यंत मीटर चालू ठेवा.