सार्वमतातल्या ‘बाहेरच्या हाता’चा दावा कसा तपासावा

नाशिकची द्राक्षे ब्रिटनच्या बाजारात जातात आणि इथली अनेक मुले तिकडे नोकरी करतात, त्यामुळे युरोपीय संघ सोडण्याविषयीचे ब्रिटनचे सार्वमत २०१६ मध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातही रंगले होते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून त्या वेळी मतदानाचा हक्क होता आणि माझा पुतण्या अशा मतदारांपैकी एक होता. म्हणजे गंगापूर रोडवरच्या घरातून मी त्याला जे संदेश न तपासता पाठवत होतो, ते एका देशाच्या मतदाराला बाहेरून पाठवलेले संदेशच होते. ही गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली.

सार्वमताचा कौल बाहेरच्या कोणीतरी फिरवला, असा संदेश आला की मिळणाऱ्या ‘विचार करून पुढे पाठवा’ या सल्ल्याचा मला आता उबग आला आहे, कारण विचार नेमका कशाचा करायचा हे तो सांगत नाही. छायाचित्र जुने आहे का, हे गूगल लेन्सने पाहावे आणि वृत्तपत्राचे कात्रण असेल तर तीच बातमी त्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर शोधावी. एवढे काम पाच मिनिटांत होते.

आकडा असेल तर तो कशातून काय वजा करण्यापूर्वीचा आहे, हे पाहावे. संघ सोडण्याच्या बाजूच्या प्रचारात लाल बसवर लिहिले होते की ब्रिटन दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपीय संघाला पाठवतो. ही रक्कम ब्रिटनला संघाच्या वर्गणीत मिळणारी सूट वजा करण्यापूर्वीची होती. सूट धरली की ती सुमारे २५ कोटींवर येत असे आणि त्यातलाही काही पैसा शेती व संशोधनासाठी परत येत असे. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानापूर्वीच हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले होते. लासलगावहून कांद्याची हिशेबपट्टी हाती आली की आपण हमाली, तोलाई वजा जाता काय उरले तेच पाहतो. तीच सवय इथे लावावी.

खरी कठीण पायरी यानंतरची आहे आणि मी स्वतः तिथेच चुकलो. २०१८ मध्ये केम्ब्रिज अ‍ॅनालिटिका या मतदारांच्या माहितीवरून प्रचार आखणाऱ्या कंपनीचे प्रकरण बाहेर आल्यावर मी ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळात व्याख्यान दिले आणि ब्रिटनचा कौल याच कंपनीने फिरवला, असे छातीठोकपणे सांगितले. समोर बसलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारले, “सर, त्या कंपनीने त्या सार्वमतात प्रत्यक्ष काय काम केले?” माझ्याकडे उत्तर नव्हते. फेसबुकच्या कोट्यवधी वापरकर्त्यांची माहिती गैरमार्गाने घेतली गेली, हे खरे होते आणि सार्वमत चुरशीचे झाले, हेही खरे होते; मधला दुवा मात्र मी मनानेच जोडला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या वापरावर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी चौकशीअंती कळवले की संघ सोडण्याची मागणी करणाऱ्या यूकिप पक्षाकडच्या माहितीविषयीची सुरुवातीची चाचपणी वगळता या कंपनीचा त्या सार्वमताच्या प्रचारात सहभाग आढळला नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक दाव्याचे तीन प्रश्न वेगळे करतो: कोणी काय केले, ते किती मतदारांपर्यंत पोहोचले आणि त्यामुळे मत बदलले का. पहिल्या प्रश्नाचा पुरावा तिसऱ्याच्या खात्यावर जमा करू नये, याबाबत मी कोणतीही सवलत देत नाही. ब्रिटनच्या सार्वमतात रशियाने हस्तक्षेप केला, या दाव्यात तर आणखी एक खाच आहे. ब्रिटिश संसदेच्या गुप्तचर व सुरक्षा समितीचा अहवाल जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि सरकारने सार्वमतातल्या रशियन हस्तक्षेपाचा पुरावा शोधण्याचा प्रयत्नच केला नाही, ही त्यातली मुख्य तक्रार होती. त्या अहवालाचा हवाला देऊन कोणी ‘हस्तक्षेप सिद्ध झाला’ म्हणतो, तर कोणी ‘काहीच सापडले नाही’ म्हणतो, आणि दोघेही चुकतात. शोधून न सापडणे वेगळे आणि न शोधणे वेगळे.

याउलट पूर्व युरोपातल्या मोल्दोव्हा या देशाचे उदाहरण घ्यावे. तिथे २० ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघात जाण्याचे उद्दिष्ट राज्यघटनेत घालण्यावर सार्वमत झाले आणि बाजूने ५०.३५ टक्के मते पडली. फरक साडेदहा हजारांच्या आसपास होता. मतदानापूर्वीच तिथल्या पोलिसांनी सांगितले होते की रशियाशी जोडलेल्या जाळ्यातून १ लाख ३० हजारांहून अधिक मतदारांना पैसे पोहोचले. इथे पहिल्या दोन प्रश्नांवर निदान तपासयंत्रणेचे म्हणणे तरी हाती आहे. तरीही पैसे घेतलेल्या किती जणांनी सांगितल्याप्रमाणे मत दिले, हे गुप्त मतदानात कळत नाही, म्हणून तिसरा प्रश्न उघडाच ठेवावा लागतो.

‘बाहेरचा’ हा शब्दही जपून वापरावा. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला, तेव्हा महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूचे चिन्ह असलेल्या ‘फुला’साठी महाराष्ट्रातून प्रचाराला गेलेली माणसे आपल्याला आपलीच वाटत होती, तर वेगळे राहू इच्छिणाऱ्या ‘दोन पानां’च्या बाजूला ती बाहेरची वाटत होती. शिवाय परका शोधण्याच्या नादात घरचा सुटतो: बसवरचा आकडा कोणा परक्या हेराने रंगवलेला नव्हता, तो संघ सोडण्याच्या बाजूच्या अधिकृत प्रचारसंस्थेचा होता, आणि ७० लाख पौंडांची खर्चमर्यादा ओलांडल्याबद्दल निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये दंड केला तोही तिलाच.

चूक आढळली तर वडीलधाऱ्यांना गटात सर्वांसमोर खोडून काढू नये, फोन करून “काका, हा आकडा सूट धरण्यापूर्वीचा आहे, तुम्हीच गटात दुरुस्ती टाकाल का?” असे विचारावे, म्हणजे दुरुस्ती खरोखर टाकली जाते. स्वतःची चूक असेल तर ती जिथे जिथे केली, त्या प्रत्येक ठिकाणी सांगावी. माहिती आयुक्तांच्या निष्कर्षानंतर मी त्या मंडळाच्या गटात माझ्या व्याख्यानाची दुरुस्ती तारखेसह लिहिली आणि त्या शिक्षिकांना वेगळा फोन केला.