प्राध्यापकांसाठी लायब्ररीचं ट्रेनिंग घ्यायचंय? आधी सेशनचं नाव बदला

"ई-रिसोर्सेस ओरिएंटेशन" अशा नावाचा मेल कोणी उघडतसुद्धा नाही, मी करून पाहिलंय. दोन तासांचं प्रेझेंटेशन, त्यात शोधशब्द जोडायच्या अँड-ऑर-नॉटच्या गोल-गोल आकृत्या, आणि चहानंतर समोर उरले चार जण, त्यातले दोन लायब्ररीचेच. पुढच्या वेळी जवळपास तोच मजकूर "पेपर पाठवण्याआधी जर्नल बोगस आहे का कसं ओळखायचं" या नावाने ठेवला तर खुर्च्या कमी पडल्या. प्राध्यापकांना डेटाबेस शिकायचा नसतो हो, त्यांचं काहीतरी अडलेलं असतं आणि ते सुटलं की मग ते डेटाबेसही आपसूक शिकतात.

मग अडलंय काय हे कसं कळणार? त्यासाठी सर्व्हेचा फॉर्म वगैरे नको, तो कोणी भरत नाही. काउंटरवर आणि मेलवर गेल्या सहा महिन्यांत आलेले प्रश्न काढून बघा, तेच तेच पाच-सहा असतात. घरून लॉगिन होत नाही, रेफरन्सची स्टाइल बदलायचीये, माझे पेपर दुसऱ्याच्याच प्रोफाइलला दिसतायत, आणि गूगल स्कॉलरवर सायटेशन (इतरांनी आपल्या पेपरचा दिलेला संदर्भ) जास्त पण स्कोपस या निवडक जर्नल्सच्या डेटाबेसवर कमी असं का. (स्कॉलर प्रबंध, छापून येण्याआधीच ऑनलाइन टाकलेले प्रीप्रिंट, सगळंच मोजतं, स्कोपस फक्त स्वतःच्या यादीतल्यांचं मोजतं. हे नीट सांगितलं की एक मोठं भांडण मिटतं.) एका सेशनला यातला एकच प्रश्न घ्यायचा. दोन घ्यायचा मोह होतो, नका घेऊ.

ऑनलाइन की समोरासमोर, यावर माझा साधा हिशोब आहे. त्यांच्या मशीनवर काही बसवायचं असेल तर समोरासमोर, नुसतं बघून ठरवायचं असेल तर ऑनलाइन. झोटेरो (रेफरन्स जमवून पेपरात टाकून देणारं सॉफ्टवेअर) ऑनलाइन शिकवायला गेले आणि पाऊण तास "मॅडम, माझ्याकडे ते बटण दिसत नाहीये" यातच गेला, कारण झोटेरोचे दोन भाग असतात, एक कॉम्प्युटरवरचं अ‍ॅप आणि एक ब्राउझरमधला कनेक्टर, आणि निम्म्यांनी फक्त कनेक्टर टाकलेला. वर्डमधलं प्लगइन अ‍ॅपसोबत येतं, ते कनेक्टरमध्ये नसतं. शिवाय ऑफिसच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायला बरेचदा आयटीचा पासवर्ड लागतो, म्हणून आयटीवाल्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर सेशन तिथेच संपतं. फुकट स्टोरेज ३०० एमबी मिळतं हेही आधीच सांगा, ते पीडीएफने भरतं, नुसत्या नोंदींनी नाही.

समोरासमोर बारापेक्षा जास्त लोक घेऊ नका आणि मदतीला एक सहकारी फिरता ठेवा. दीड तास पुरे. प्रत्येकाला स्वतःचा अर्धवट पेपर घेऊन यायला सांगा, आपल्या सॅम्पल फाइलवर केलेलं घरी गेल्यावर कोणाला आठवत नाही. अजून एक नाजूक गोष्ट आहे. तीस वर्षं शिकवलेल्या सरांना चारचौघांत "मला येत नाही" म्हणायला लावू नका. अशा वेळी मी म्हणते, सर, याची स्क्रीन नवीन व्हर्जनमध्ये बदललीये, मीही चुकते. आणि बदललेली असतेच बहुतेक वेळा, त्यामुळे खोटंही नाही.

ऑनलाइन सेशन तीस ते चाळीस मिनिटांचं ठेवा, त्यातली शेवटची दहा प्रश्नांना. एक जण बोलणार आणि दुसरा फक्त चॅट बघणार, दोन्ही एकट्याने होत नाही. प्रश्न खाजगी चॅटवर पाठवायची सोय चालू ठेवा, ज्येष्ठ मंडळी तिथेच मोकळेपणाने विचारतात. लाइव्ह डेमो करा पण प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट जवळ हवाच, माझं लॉगिन एकदा ऐन सेशनमध्ये एक्स्पायर झालं होतं आणि साठ जण माझं "कृपया वाट पाहा" बघत बसले होते.

बोगस जर्नलचा विषय ऑनलाइनला छान बसतो. खरा कोणाला तरी आलेला "तुमचा पेपर सात दिवसांत छापू" वाला मेल घ्या (नाव झाकून), आणि सगळ्यांसमोर तपासा. स्कोपसमध्ये आहोत असा दावा असेल तर स्कोपसची सोर्स लिस्ट सबस्क्रिप्शनशिवायही बघता येते, तिथे नाव सापडलं तरी कव्हरेज कोणत्या वर्षापर्यंत आहे ते बघायला लावा, कारण स्कोपसने घेणं बंद केलेली जर्नल्सही तो दावा मिरवत असतात. ओपन अ‍ॅक्सेस (सगळ्यांना फुकट वाचता येणारं) असेल तर २००३ पासून चालू असलेल्या डीओएजे या तशा जर्नल्सच्या यादीत शोधा. आणि जर्नलची साइट हुबेहूब नक्कल केलेली असू शकते, आयएसएसएन या जर्नलच्या ओळख क्रमांकासकट, म्हणून मेलमधली लिंक कधीच वापरायची नाही. हल्ली यात एआयने दिलेले रेफरन्सही जोडते. डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकायला सांगायचं, तो उघडतच नाही किंवा भलताच पेपर उघडतो, आणि मग जी शांतता पसरते ना, त्यापुढे माझ्या दहा स्लाइड्स फिक्या.

ऑर्किडला (फुलाचं नाही, संशोधकाच्या सोळा अंकी ओळख क्रमांकाचं बोलतेय) वीस मिनिटं पुरतात, पण पहिली पाच मिनिटं "आधीच काढलेला आहे का" यावर घालवा. अनेकांचे दोन निघतात, एक जुन्या नोकरीच्या मेलवर काढलेला. जास्तीचा क्रमांक अकाउंट सेटिंगमधून काढून टाकता येतो, आणि तिथेच खाजगी मेलही जोडून घ्यायला लावा म्हणजे नोकरी बदलली तरी अडत नाही. शेवटचं अक्षर एक्स असलं तरी चूक नाही, हे कोणीतरी विचारतंच.

वेळ परीक्षेच्या आणि पेपर तपासणीच्या आठवड्यांत ठेवू नका, एवढंच. रेकॉर्डिंग तासाभराचं टाकलं तर कोणी बघत नाही, चार-पाच मिनिटांचे तुकडे करा आणि तुकड्याला प्रश्नाचंच नाव द्या.

फीडबॅक फॉर्मवर सगळे "छान" लिहितात, मी त्यावर विसंबत नाही. दोन आठवड्यांनी आलेल्या प्रत्येकाला एका ओळीचा मेल टाकते, "ते जमलं का?" निम्मी उत्तरं "अजून नाही, पाच मिनिटं येऊ का" अशी येतात. ती पाच मिनिटं कॅलेंडरमध्ये आधीच राखून ठेवा, आणि ती पंचवीस होतात हे धरूनच.