सुपरहिरोचा दुसरा भाग लिहिताय? या चुका टाळा

‘या वेळी सगळं दुप्पट आहे सर.’ सुपरहिरोच्या सिक्वेलची पटकथा घेऊन येणारा नवा लेखक बहुतेक वेळा याच वाक्याने सुरुवात करतो. दोन खलनायक, नवा सूट, शहराऐवजी आता अख्खा देश धोक्यात. मी ऐकून घेतो आणि एकच विचारतो: पहिल्या भागाच्या शेवटी तुमच्या नायकाने जे गमावलं, त्याचं पुढे काय झालं? इथे गाडी अडते. कारण त्याचा विचारच झालेला नसतो.

बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या पटकथा वाचतोय, दुरुस्त करतोय. मालिका, वेबसिरीज, सिनेमे, सगळं आलं त्यात. दुसऱ्या भागांमध्ये त्याच त्या चुका इतक्यांदा पाहिल्या की आता त्या लिहूनच ठेवतो. उदाहरणादाखल एकच सिनेमा धरतो: सॅम रायमीचा २००४ सालचा ‘स्पायडर-मॅन २’. मारामारी आणि माणूस यांची सांगड त्यात जशी बसली आहे, तशी या प्रकारच्या सिनेमांत मला क्वचितच दिसली. पूर्वी पाहिला असेल तरी वही घेऊन पुन्हा बघा. १२७ मिनिटांचा आहे, एक संध्याकाळ पुरते.

सगळ्यांत महागात पडणारी चूक: एक सीन मारामारीचा, एक रडण्याचा

‘बॅलन्स’ हा शब्द ऐकला की नवे लेखक तराजू काढून बसतात. दहा पानं ॲक्शन झाली, आता दहा पानं आईशी भांडण. मग पुन्हा ॲक्शन. कागदावर हे फार नीटनेटकं दिसतं, म्हणूनच फसवतं.

मी स्वतः या खड्ड्यात पडलोय. काही वर्षांपूर्वी एका निर्मितीसंस्थेसाठी आम्ही चौघं एका सुपरहिरो वेबसिरीजचा दुसरा सीझन लिहीत होतो. नायक तालुक्याच्या गावातला वायरमन. हातातून वीज खेळवू शकणारा. बाप एसटीत कंडक्टर. आम्ही भिंतीवर कार्डं लावली होती, ॲक्शनची लाल आणि घरच्या सीनची निळी. एक लाल, एक निळं, एक लाल, एक निळं. तीन आठवडे त्यात गेले आणि त्या भिंतीचा आम्हाला अभिमानही होता. मग सगळ्यांना बोलावून नॅरेशन, म्हणजे पटकथेचं मोठ्याने वाचन, ठेवलं. निळी कार्डं चालू असताना लोक ऐकत होते. लाल कार्ड आलं की माना खाली, मोबाइल वर. निळं आलं की पुन्हा माना वर.

नॅरेशन संपल्यावर आमची संकलक उठून भिंतीपाशी गेली आणि एकेक लाल कार्ड काढून टेबलावर ठेवायला लागली. अकरा कार्डं काढली. मग म्हणाली, ‘आता गोष्ट वाच.’ मी वाचली. कुठेही काही अडलं नाही. बाप-लेकाचं भांडण, बहिणीचं लग्न, मित्राचा दगा, सगळं जसंच्या तसं उभं. म्हणजे नायक रोज रात्री बाहेर जाऊन जिवावर उदार होत होता आणि घरी आल्यावर त्याच्या आयुष्यात तसूभरही फरक पडत नव्हता. उलट करून पाहिलं, निळी काढली. मारामारीचंही काही बिघडलं नाही. एका भिंतीवर आम्ही दोन वेगळ्या गोष्टी टांगल्या होत्या.

तेव्हापासून कुठलीही पटकथा हातात आली की मी आधी हेच करतो. पेन्सिलीने प्रत्येक ॲक्शन सीनवर काट मारतो आणि पुढचा सीन वाचतो. तो जर जसाच्या तसा चालत असेल, तर काट कायम.

आता ‘स्पायडर-मॅन २’ मधला ट्रेनचा सीन घ्या. लोकांना त्यातली मारामारी आठवते. पण मारामारी अर्ध्यातच संपते. खलनायक डॉक्टर ऑक्टोपस ऊर्फ डॉक ऑक गाडीचं नियंत्रण मोडून निघून जातो. आता समोर शत्रूच नाही, फक्त थांबत नसलेली गाडी आणि आत माणसं. पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, डब्याच्या पुढच्या टोकाला येतो. पाय रुळांवर टेकवून गाडी थांबवायला बघतो, ते जमत नाही. मग दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी फेकतो, एक, दोन, कितीतरी, आणि दोन्ही हातांनी धरून ठेवतो. कपडे फाटतात, चेहरा पिळवटतो. आणि तो चेहरा आपल्याला दिसतो, कारण मुखवटा आधीच उतरलेला आहे. ज्या माणसाने चेहरा लपवण्यासाठी मैत्री, प्रेम, शिक्षण सगळं पणाला लावलं, तो भर दुपारी डबाभर लोकांसमोर उघड्या तोंडाने उभा आहे.

गाडी रुळांच्या टोकाशी थांबते आणि तो कोसळतो. आतून हात येतात. लोक त्याला पडू देत नाहीत, डोक्यांवरून हातोहात आत घेतात, खाली निजवतात. कुणीतरी म्हणतं, हा तर पोरगाच आहे, माझ्या मुलापेक्षा मोठा नसेल. दोन मुलं मुखवटा परत आणून देतात आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द देतात. थोड्या वेळाने डॉक ऑक परत येतो तेव्हा ही साधी, निःशस्त्र माणसं त्याच्या आडवी उभी राहतात. तो त्यांना एका झटक्यात बाजूला करतो. पण ती उभी राहिली, हे तर घडून गेलेलं असतं.

या सीनवर काट मारून बघा. जमत नाही. आतापर्यंत पीटरची समजूत होती की हे ओझं त्याचं एकट्याचं आहे. ती समजूत या डब्यात मोडते. पात्राची वाढ म्हणतात ती ही, आणि ती मारामारीच्या पोटात झाली आहे. पुढे वेगळा ‘भावनिक सीन’ लावायची गरजच उरत नाही.

म्हणून माझी सवय सांगतो. मारामारी लिहायच्या आधी मी मारामारीनंतरची दोन मिनिटं लिहितो. कोण कुणाकडे बघू शकत नाही? कुणाला काय कळलं? हात कशाने थरथरतोय? हे हाताशी आलं की गुद्दे कुठे आणि किती, ते आपोआप ठरतं. आमच्या वायरमनच्या गोष्टीत आम्ही शेवटी एक मारामारी ओसाड खाणीतून उचलली आणि घाटात चढणाऱ्या एसटीत आणली, बाप कंडक्टर असलेल्या गाडीत. नायकाने मुखवटा घातलेला. दार निखळायला लागतं तेव्हा तो ते वायरच्या तुकड्याने बांधतो, आणि बाप ती गाठ बघतो. ती गाठ त्यानेच मुलाला शिकवलेली. बाप काही बोलत नाही, फक्त घंटीची दोरी दोनदा ओढतो आणि गाडी पुढे जाऊ देतो. तो सीझन पुढे पैशाअभावी थांबला, पण त्या सीनला खोलीत एकाचाही मोबाइल वर आला नाही.

पाटी कोरी करणं

दुसरी चूक मला पहिलीइतकीच टोचते. पहिल्या भागात नायकाने कुणाला तरी गमावलं, खोटं बोलला, मित्राचा बाप गेला. दुसरा भाग उघडतो तेव्हा सगळं विसरून नायक हसतमुख, छतावर उभा, वारा सुटलेला. ये रे माझ्या मागल्या.

प्रेक्षक विसरलेला नसतो. २००२ च्या पहिल्या भागाच्या शेवटी पीटरवर किती देणं होतं ते मोजा. बेनकाकाच्या मृत्यूला आपण कारणीभूत झालो हे त्याने मेकाकूला सांगितलेलं नाही. मित्र हॅरीचा बापच खलनायक होता, हे हॅरीपासून लपवलं आहे. मेरी जेनवर प्रेम असून तिला नाही म्हटलं आहे. दुसरा भाग ही सगळी थकबाकी वसूल करायला बसतो, वर घरभाड्याची भर घालतो. सुरुवातच बघा: जगाला वाचवणारा हा माणूस पिझ्झा वेळेत पोचवू शकत नाही आणि नोकरी घालवतो. मेरी जेनच्या नाटकाला उशिरा पोचतो, दारावरचा माणूस आत सोडत नाही. शहरात कुणी गुन्हा केला की पीटरच्या आयुष्यातली एक गोष्ट बुडते. हा हिशोब सुरुवातीलाच डोळ्यांपुढे मांडून होतो.

मग काकूसमोरची कबुली येते. स्वयंपाकघरातलं टेबल, दोघं समोरासमोर, त्याचा हात तिच्या हातावर. तो सांगतो. ती हात काढून घेते, उठते आणि एक शब्दही न बोलता जिना चढून वर जाते. बस. नव्या लेखकाच्या ड्राफ्टमध्ये इथे दोन पानांचा संवाद असतो: ‘तू मला आधी का नाही सांगितलंस’, ‘मला भीती वाटत होती’, ‘मी तुला माफ करते’. माफीसुद्धा त्याच सीनमध्ये उरकून टाकायची घाई! रायमीने तिला वर जाऊ दिलं आणि प्रेक्षकाला त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसवून ठेवलं. माफी पुष्कळ नंतर येते, आणि म्हणून ती खरी वाटते.

माझा उपाय अगदी साधा आहे. पहिल्या भागाच्या बाउंड स्क्रिप्टच्या, म्हणजे पूर्ण झालेल्या बांधीव पटकथेच्या, शेवटच्या कोऱ्या पानावर मी ‘देणी’ असं शीर्षक घालून यादी करतो. कोणाचं काय बाकी आहे, नावासकट. दुसऱ्या भागाची वन-लाइन, म्हणजे सीनवार आराखडा, तयार झाली की एकेक खोडत जातो. खोडलं न गेलेलं देणं दिसलं की लेखकाला फोन जातो. यातून सुटका नाही.

शक्ती वाढवणं

दुसरा भाग म्हणजे नवी शक्ती, हे कुणी ठरवलं? इथे पीटरची शक्ती जाते. हवेत झोके घेत असताना जाळीच सुटत नाही, तो खाली आदळतो, आणि मग तोच पोशाख घालून एका अनोळखी माणसाबरोबर लिफ्टने खाली उतरतो. डॉक्टर सांगतो, दुखणं शरीरात नाही. मग पीटर पोशाख कचऱ्यात टाकतो. ही कल्पना मूळ कॉमिकमधली, १९६७ च्या ५० व्या अंकातली, स्टॅन ली आणि जॉन रोमिटा यांची. पुढे जळत्या इमारतीत तो शक्तीशिवाय शिरतो, एका मुलीला बाहेर काढतो, आणि मग त्याला कळतं की वरच्या मजल्यावर कुणीतरी अडकून गेलं. सगळ्या सिनेमात मला सर्वांत जास्त धाक वाटतो तो याच सीनचा, आणि त्यात एकही जाळं नाही.

तुमच्या नायकाला नवं काही द्यायचं असेल तर आधी जुनं काय काढून घेणार ते ठरवा. माझ्याकडे येणाऱ्या लेखकाला मी सूटचं वर्णन असलेली पानं वाचूनच दाखवू देत नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या आणखी काही

खलनायकांची गर्दी करू नका. २००७ च्या तिसऱ्या भागात सँडमॅन, व्हेनम आणि हॅरी असे तिघं आले, आणि कुणाच्याच वाट्याला पुरेसा वेळ आला नाही.

खलनायकाला आधी जेवायला बसवा. ऑटो ऑक्टेव्हियस, म्हणजे पुढचा डॉक ऑक, राक्षस होण्याआधी बायको रोझीसोबत पीटरला घरी जेवू घालतो, कवितेबद्दल, प्रेमाबद्दल बोलतो. म्हणून प्रयोगात रोझी जाते तेव्हा दुखतं, आणि शेवटी तो स्वतःच प्रयोगाचं यंत्र नदीत बुडवतो हे पटतं. त्याच्या पाठीवरचे यांत्रिक हातसुद्धा पात्रं आहेत. बऱ्याच शॉट्समध्ये ते खरोखर बनवलेले होते, बाहुलीकार ते चालवत होते, आणि डॉक ऑक झालेला आल्फ्रेड मोलिना त्यांच्याशी बोलतो तेव्हा समोर काहीतरी आहे. या सिनेमाला २००५ मध्ये दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळालं. आपल्याकडे ‘ते व्हीएफएक्सवाले बघतील’ असं लिहून सीन सोडून देतात. ते बघणार नाहीत. हात त्या माणसाशी कसा वागतो हे लेखकानेच लिहायचं असतं.

घरच्या माणसांना नुसतं ओलीस धरू नका. बँकेत काकू आणि पीटर कर्ज मागायला आलेले असतात, ते नाकारलं जातं, आणि त्याच बँकेवर दरोडा पडतो. पकडली गेलेली काकू छत्रीने डॉक ऑकला हाणते. कर्ज, म्हातारपण, दरोडा, सगळं एका जागी.

भूगोलावर आठवडे घालवू नका. ट्रेनच्या सीनसाठी शिकागोच्या उंचावरल्या रेल्वेमार्गावर चित्रीकरण झालं आणि गोष्ट न्यूयॉर्कची आहे. माणूस खरा असेल तर प्रेक्षक नकाशा काढून बसत नाही.

पटकथालेखनाच्या पुस्तकातल्या तक्त्यावरून ‘अमुक पानावर वळण हवं’ असं मोजत बसू नका. मला पान सत्तावन्नचं वळण लांबून ओळखू येतं, त्याला गोष्टीचा वास नसतो. तक्ता पाठ करायला दोन दिवस लागतात आणि पात्र ओळखायला वर्ष, म्हणून घाईतली पोरं तक्त्याकडे धावतात. वर्ष द्या. दुसरा भाग कुणी पळवून नेत नाही.

आणि तिसऱ्या भागाची जाहिरात दुसऱ्यात घुसडू नका. हॅरीला बापाची गुप्त खोली सापडते, पण पीटरची लढाई संपल्यावर. शिवाय सिनेमा तिथे संपत नाही. मेरी जेन लग्न सोडून, नवरीच्या पोशाखात धावत पीटरच्या दारात येते. दोघं एकत्र येतात, आणि खालून सायरन वाजतो. ती त्याला जा म्हणते. तो खिडकीतून जातो, आपण त्याच्यामागून शहरभर उडतो, आणि मग कॅमेरा परत खिडकीशी येतो. शेवटची फ्रेम तिची आहे, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलेलं आहे.