पान नको, फळ दाखवा

पावसाळा लागला की मला रानबेगोनियाचे फोटो येऊ लागतात आणि त्यात हमखास नुसतं पान असतं. पानाची एक बाजू मोठी, एक लहान. ठीक, बेगोनिया आहे. पण जगात याच्या २०००हून अधिक प्रजाती आहेत. पानावरून नाव सांगायला मी काही ज्योतिषी नाही.

मला हवं असतं मादी फूल. बेगोनियात नर आणि मादी फुलं वेगळी, एकाच झाडावर, आणि बहुधा नर आधी उमलतात. म्हणजे पहिल्या फेरीत फक्त नर दिसले तर दोन-तीन आठवड्यांनी परत जायचं. मादी फुलातला पिवळा, पिळदार गुच्छ लांबून पुंकेसरांसारखाच भासतो, मधमाशीही फसते. म्हणून फूल उलटं करून बघा. मागे तीन पंखांचं हिरवं अंडाशय असेल तर ती मादी. पंख सारखे आहेत की एक मोठा, फळावर केस आहेत का, याचे फोटो मोजपट्टी शेजारी धरून काढा.

खरी गंमत आडव्या कापात. कोवळं फळ ब्लेडने मधोमध चिरा आणि भिंगातून बघा: कप्पे दोन की तीन, प्रत्येक कप्प्यात बिया धरणारी पट्टी एकसंध की दुभंगलेली. बेगोनियाचे गट पाडताना ही खूण फार उपयोगी पडते, आणि नेमकी तीच फोटोत नसते. अर्थात तोडण्यासाठी परवानगी हवी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानालाही हात लावू नका. कंद तर कुठेच उपटू नका.

हरवलेली, म्हणजे वर्षानुवर्षं कुणाला न दिसलेली प्रजाती शोधायची असेल तर सुरुवात जंगलात नाही, मुंबईच्या फोर्टात करा. सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, आधी पत्र लिहून वेळ घ्या. जुन्या शीटवरचं, म्हणजे नमुना चिकटवलेल्या कागदावरचं लेबल अक्षरशः उतरवून घ्या: गाव, महिना, कोणी गोळा केलं. साष्टीचं ‘सालसेट’ आणि वसईचं ‘बसीन’ झालेलं असतं, तेव्हा जुना नकाशा जवळ ठेवा. मग त्याच महिन्यात, त्याच परिसरातल्या सावलीतल्या, पाणी झिरपणाऱ्या कातळांवर शोधा.

काही सापडलं तरी लगेच ‘पुनर्शोध’ म्हणून नाचू नका. जुनं नाव एखाद्या सर्रास प्रजातीत विलीन झालेलं असू शकतं. ते तपासा, मग मूळ नमुन्याशी ताडून बघा. ब्रिटनमधल्या क्यू आणि एडिनबरा इथल्या वनस्पती उद्यानांच्या हर्बेरियममधल्या पुष्कळ शीट्स ऑनलाइन दिसतात. आपल्याकडच्या बेगोनिया क्रेनाटाचं वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ ड्रायँडरने १७९१ साली छापलं. आधी तोच नीट ओळखायला शिका, बाकीचे नंतर.

नमुना घेण्याची परवानगी मिळाली तर फुलं वेगळी काढून ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. वाळवण्यासाठी कागदात दाबल्यावर ती पार लोळागोळा होतात. आपल्या दमट हवेत टीपकागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरलीच. आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश चारचौघांत टाकू नका. ते लेबलवर आणि वनखात्याकडे असले की पुरे. दुर्मीळ कंदाला गिऱ्हाईक लगेच मिळतं.